उमापूरचे ढालकिडे

गेवराईतल्या आमच्या परसात वालाची एकच वेल होती. बी बायकोच्या आईच्या हातचं. आई गेली, माहेरचं रान विकलं गेलं, आणि ते वाण फक्त आमच्या मांडवावर उरलं. नेमका त्याच वेलीला ऐन फुलोऱ्यात मावा लागला. शेंडे काळे पडले आणि बायकोचं जेवणावरचं मन उडालं.

मी फवारणी सुचवली, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, मावा खाणारे परदेशी ढालकिडे विकत मिळतात, कुरिअरनं पाठवतो.

"कावून?" बायको उसळली. "आपले काय मेलेत का? ते हितं माजले आन आपल्याच किड्यांच्या पोटावर उठले, मंग?"

दुसऱ्या दिवशी ती उमापूरला बहिणीच्या रानात गेली. करडईवर मावा पडला की ढालकिडे जमतात, हे तिला माहेरपासून ठाऊक. करडईचे काटे म्हणजे काय ते ज्याला टोचलेत त्यालाच कळतं. या बाईनं ओरखडे सोसत किडे बसलेले शेंडेच कापून डब्यात आणले आणि वालाच्या वेलीवर सोडले. लाल पाठ, तीवर नागमोडी काळ्या रेघा. सोबत त्यांची पिल्लं, काळी, काटेरी, अगदी ओंगळ. मी तर ती चपलेखालीच घेतली असती.

शेजारच्या काकूंनाही ती कीडच वाटली. त्या मायेनं चुलीतली राख घेऊन आल्या. माव्यावर राख मारायची, ही आपली जुनी रीत. बायकोनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"काकू, न्हाई! ही पिल्लंच मावा खातेत."

"अगं, तुझी आई बी राखच मारायची की."

"ठावं हाय. पण आता आईचं वाण एवढंच ऱ्हायलंय."

काकू फुरंगटून गेल्या. बायको मात्र रोज पानं उलटून बघायची आणि मला हाका मारायची. हळूहळू शेंडे हिरवे झाले, शेंगा लटकल्या. तिचा मला लई अभिमान वाटला. तोंडावर बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

फाल्गुनात शेंगा वाळल्या. तिनं बी सोलून ओंजळीत धरलं आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून कुंपणावरून हाक दिली.

"काकू, आता आणा ती राख. भुंगा लागू नये म्हून बी राखेत ठिवायचंय. अर्धं तुमच्या मडक्यात."