बसमधून उतरताना

आयर्लंडमधल्या आमच्या ॲथलोनच्या ऑफिसातले हे गृहस्थ जगातली कुठलीही गोष्ट नागपूरला नेऊन टेकवतात. इथला उन्हाळा म्हणजे नागपूरचा जानेवारी, आणि इथली संत्री म्हणजे "नुसता अपमान". बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची इथली रीत मात्र त्यांनी अशी उचललीय, की मागच्या सीटवरूनच ओरडतात.

गेल्या वर्षी कामानिमित्त आम्ही दोघं बोस्टनला होतो. चार जुलैची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, म्हणून जुनं शहर दाखवणाऱ्या टूरच्या बसमध्ये बसलो. जुनी तटबंदी बघून हे म्हणाले, "आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यापुढं काहीच नाही." बंदर बघून म्हणाले, "आपला फुटाळा तलाव बरा." आणि प्रत्येक ठिकाणी उतरताना ड्रायव्हरला खणखणीत "थँक्स अ मिलियन!" बाकीचे प्रवासी वळून बघायचे आणि मी उगाच बॅगेत काहीतरी शोधायचे.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं त्यांना थांबवलं. एवढ्या सणाच्या दिवशी बिचारा ड्युटीवर होता.

"सकाळपासून तुमच्याशिवाय कुणी एक शब्द बोललं नाही माझ्याशी," तो म्हणाला. "तुम्ही कुठले?"

आता अख्खं नागपूर ऐकावं लागणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"ॲथलोन!" हे म्हणाले.

खाली उतरल्यावर त्यांनी आधी आजूबाजूला बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आमच्या आईले सांगू नका बाप्पा."