पाठमोरा नवरदेव आणि गळकं इंजिन

आमच्या मामांच्या होडीत पाणी कधी शिरलं नाही. ते सगळं तिच्या इंजिनात शिरायचं.

फौजेतून आल्यावर मामांनी ते जुनं इंजिन कुठूनसं पैदा केलं आणि होडीच्या मागच्या फळीला अडकवलं. मला कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावी मुलगी बघायला जायचं होतं. आदल्या दिवशी मामांनी इंजिनाची टोपी काढली, तर आत तळं!

"कुठनं येतंय रं पानी?"

मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो (तिसऱ्या खेपेला). "लाटांचं पाणी फटीतून शिरतंय," मी ठासून सांगितलं. सायकलची ट्यूब कापून टोपीच्या कडेला बसवली, वर मेण ओतलं. मुंगी शिरणार नाही!

सकाळी मामा, माझे वडील तात्या आणि नव्या टेरिलीन शर्टातला मी असे निघालो. पाणी इतकं निवांत, की ढग होडीखालून चालले होते. न पाहिलेल्या मुलीचा चेहरा मी त्या ढगांत शोधत होतो. एवढ्यात इंजिन खोकलं, शिंकलं आणि गप्प झालं.

काय ती शांतता! होडी आपसूक तरंगू लागली. तात्या पाण्यात डोकावून म्हणाले, "हितंच खाली तुझं जुनं खळं की रं?"

"व्हय दाजी. त्याच्या पल्याड चिंच."

दोघंही धरणात बुडालेल्या गावात मनानं फिरायला निघून गेले. मीही गेलो. किती वेळ, कोण जाणे!

मग मामा दचकले. "आरं, ती मानसं वाट बघत असतील!" मेण खरवडून त्यांनी टोपी उचलली, तर भस्सकन सगळं पाणी माझ्या मांडीवर! पाणी बाहेरून येतच नव्हतं. आतच गळत होतं, बरंचसं फटीतून निथळून जात होतं, आणि मी फटी बुजवल्या होत्या!

मामांनी प्लग पुसले. "टोपी न लावताच चालवू. गळतंय कुठं, वाकून बघ."

दोरी ओढली, इंजिन धडधडलं, आणि चिळकांडी थेट माझ्या डोळ्यांत!

"दिसलं का?"

"मामा, आता काहीच दिसत न्हाई!"

इंजिन गार ठेवणारं पाणी बाहेर सोडायची बारीक रबरी नळी तोंडाशी चिरून निसटली होती. बसवली की पुन्हा निसटे.

"दाबून धर," मामा म्हणाले. "सोडलीस, तर हितंच संसार थाट!"

मी इंजिनाला मिठी मारून बसलो. तोंड इंजिनाकडे, पाठ सासुरवाडीकडे. काठावरून बायकांचा आवाज आला, "नवरदेव कंचा वं?"

"त्यो पाठमोरा," तात्यांनी सांगितलं.

कुणीतरी हसलं. ते हसू पाण्यावरून अलगद माझ्यापर्यंत आलं. वळून बघावंसं फार वाटलं, पण बोट नळीवर!

चहा देताना मुलीनं मान वर केली नाही. होकार मात्र आला. बऱ्याच वर्षांनी मी बायकोला ऐटीत विचारलं, "काय बघून हो म्हणालीस गं?"

"पाठ," ती म्हणाली. "लय रुंद दिसली. तोंड दिसलं, तवर सुपारी फुटली हुती!"