प्रार्थनेत उघडलेला डोळा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाळकांजवळ नाही — आणि खरं सांगू? ज्याच्यापुढे रोज गुडघे टेकते, त्याच्यापुढेही सरळ शब्दांत ठेवलं नाही. त्याला ठाऊकच आहे, असं म्हणून पुढे सरकते.

राजापेठेत आमची बायकांची प्रार्थना असते. दर आठवड्याला एकीच्या घरी सतरंजी पडते, गीतं होतात, मग प्रत्येकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, डोळे मिटायचे, आणि एकीने सगळ्यांसाठी मागायचं. ती एक म्हणजे मी. संडे स्कूलची बाई, शुद्ध बोलणारी. ‘हे परमदयाळू पित्या’ म्हणून सुरू केलं की अडखळायची नाही. याचा मला गर्व होता — होता कशाला, आहे.

मग दर्यापूरहून सरला राहायला आली. पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यासाठी तिने प्रार्थना केली. ‘देवा बापा, इचा पाय लय दुखून राहिला. रात्रभर झोप नाई इले. हात फिरव न जरासा.’ बस, एवढंच. आणि बायका रडायला लागल्या! माझ्या प्रार्थनेला कधी कुणी रडलं होतं? ‘आमेन’ म्हणून चहाकडे वळायच्या.

हळूहळू सगळ्या म्हणू लागल्या, आज सरलाबाईंनी मागावं. मीही म्हणायचे, हो, हो, मागू दे की. आतून जळून खाक व्हायचे. तिच्या बोलण्यात असं काय होतं? आजाऱ्याच्या घरी जाऊन ती दोन वाक्यं बोलायची, आणि लोक महिनाभर तिचं नाव काढायचे. मी तासभर वचनं समजावून सांगत असे, त्याचं काय?

आणि तिचा विश्वास कुणावर? माझ्यावर! एकदा स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, तुमालेच सांगतो. माया पोरीले, एलिनाले, लहानपणी फिट येत होती. आता नाई येत, पण गोळी चालू हाये. अकोल्याच्या पोराकडचे पसंत करून राहिले तिले. पुढच्या रविवारी मीच जाऊन सांगतो त्यायले. लपवून लग्न नाई करत मी. तुमी फक्त प्रार्थना करजा.’

मी प्रार्थना केली. इथेच थांबावंसं वाटतं — पण नाही.

त्याच आठवड्याला, त्या रविवारच्या आधी, सतरंजीवर अकोल्याच्या मुलाची आत्याही बसली होती. ती आमच्याच गल्लीतली, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी डोळे मिटले आणि गळ्यात कंप आणून म्हणाले, ‘प्रभू, आमच्या सरलाभगिनीच्या लेकीला फिट्सच्या आजारातून पूर्ण बरं कर, तिचं अकोल्याचं लग्न तुझ्या हाती दे.’ सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझा एक उघडा होता. आत्याकडे पाहत होते मी — तिने नीट ऐकलं ना, एवढंच पाहत होते.

अकोल्याहून नकार आला. वर बोल लागला, की यांनी आजार लपवला. ज्या सरलेला काही लपवायचंच नव्हतं, तिला. एलिनाने गायनमंडळ सोडलं, मग चर्च सोडलं. आता नागपूरला नोकरी करते, आईला फोनही मोजकाच करते.

मंडळीत कुणी मला बोललं असतं तर बरं झालं असतं. एकजण बोलायला उठलीच होती. सरलेने तिला खाली बसवलं. ‘बाईनं मायेनं मागतलं. मायं नशीब, त्यायचा काय दोष?’ म्हणाली. मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, बाईंना किती वाईट वाटतंय!

गेल्या महिन्यात चर्चमध्ये बायकांचा रविवार होता, उपासना बायकांनीच चालवायची; त्यात मला विषय दिला होता — ख्रिस्ती माणसाचं बोलणं, आणि त्यातलं प्रेम. मी बोलले. छान बोलले. आपल्या तोंडचा शब्द दुसऱ्याला उभा करणारा असावा, असं म्हणताना आवाजही हलला नाही. सरला पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती. शेवटची प्रार्थना तिने केली.

‘देवा बापा, बाईले जशी जीभ देली, तशी मले दे. माया तोंडून कोनाचं मन नको दुखू देऊ.’

बायका रडत होत्या. मी डोळा किलकिला करून सगळ्यांकडे पाहिलं. लाज वाटायला हवी होती त्या क्षणी. मला वाटलं ते इतकंच — आजही हिचीच प्रार्थना माझ्यापेक्षा चांगली झाली.