वेचणीच्या टेस्टमधला अर्धा किलो

भूषण मर्जचं बटण दाबणार, तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर एक ओळ लाल झाली.

मला "थांबा" म्हणायचं होतं. मी हात वर केला. ऑफिस चालवणाऱ्या वानखडे सरांचं लक्ष गेलं. "काय झालं, सुमनताई?"

"वेचणीची टेस्ट फेल झाली."

आमचं ऑफिस लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका शेडच्या माडीवर आहे. तिथे 'सरकी' नावाची प्रोग्रामिंगची भाषा बनते. तिचे शब्द मराठी आहेत, म्हणून माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही ती वाचता आली. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड कोणीही पाहू शकतो आणि सुधारून पाठवू शकतो. ती सुधारणा मूळ कोडमध्ये घेतली, की मर्ज झालं. माझं काम टेस्टिंगचं. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्ज नाही, हा सरांचाच नियम.

त्या दिवशी भूषणचा जेआयटी कंपायलर मर्ज व्हायचा होता. तो म्हणजे काय, ते माझ्या रीतीने सांगते. कॉम्प्युटरला आपले शब्द कळत नाहीत. प्रोग्राम चालताना प्रत्येक ओळीचं भाषांतर होतं, आणि तीच ओळ शंभरदा आली तर शंभरदा होतं. दवाखान्यात एखादी कोलामी बोलणारी आदिवासी बाई आली, तर तिचं बोलणं डॉक्टरला मराठीत सांगायला कोणी तरी बसतं, तसंच हे. जेआयटी पाहतो, की तेच तेच पुन्हा येतंय. मग तो त्याचं भाषांतर एकदाच करून जवळ ठेवतो. काम झपाट्याने होतं.

महागावकडचा एक महिला गट सरकीतल्या प्रोग्रामवर कापूस वेचणीची वजनं लिहितो. बायांचे फोन जुने. बेरीज येईपर्यंत अंधार पडायचा. नवीन व्हर्जन आज संध्याकाळच्या वजनाआधी देतो, असं सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

भूषण माझ्या टेबलाशी आला. टेस्टला आम्ही गटाच्या एका खऱ्या दिवसाच्या वजनांची फाइल लावली होती; त्यातली शेवटची चार वजनं घेऊन त्याने प्रोग्राम चालवला.

"पाहा ना काकू, बरोबर येऊन राह्यलं. तुमचं मशीनच अडकलं असंन."

खरंच बरोबर आलं. पण मग मला सुचलं, की चार ओळींत जेआयटी जागाच होत नाही. तेच तेच पुष्कळदा आलं, तरच तो कामाला लागतो.

"साऱ्या बायांची पूर्ण दिवसाची फाइल चालवून पाहा," मी म्हटलं.

त्याने चालवली. पहिल्याच बाईच्या बेरजेत साडेअडतीसच्या जागी अडतीस आले. जेआयटी बंद करून चालवली, तर साडेअडतीस.

"मंग डेटा चुकला," भूषण म्हणाला. "दुपारची सारी वजनं पूर्ण किलोत, अन् अर्धा किलो फक्त संध्याकाळी? असं कुठं असते का, काकू? काटा काय दुपारी झोपते?"

सर हसले. मी नाही हसले. वीस वर्षं मी कापूस वेचला आहे.

"काटा नाही झोपत. दुपारी साडेबारा किलो भरले, तर काट्यावाला बारा बोलते. वरचा अर्धा किलो कापूस काढून बाई आपल्या ओट्यात, कमरेच्या झोळीत, घेते. तो संध्याकाळच्या वजनात जाते. संध्याकाळनंतर पुढं ढकलाले दुसरं वजनच नसते, म्हणून तवा अर्धा बोलाच लागते. आमच्या इकडं असंच चालते."

भूषण खुर्चीत बसला. त्याने कोड वर-खाली करून पाहिला.

"दुपारी इतके पूर्ण आकडे आले, की जेआयटीनं धरून घेतलं, आता पूर्णच येतीन," तो हळू म्हणाला. "आलेला आकडा पूर्णच आहे का, हे पाहणारा चेक तिथं पाहिजे होता. स्पीड वाढवाले मीच काढला."

म्हणजे दवाखान्यात भाषांतर सांगायला बसलेली बाई पाठ झालेलंच सांगत होती. समोरची काय बोलते, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "एकच टेस्ट आहे. आज स्किप करा, ताई. मर्ज करू, उद्या दुरुस्त करू. त्या बाया वाट पाहून राह्यल्या."

स्किप करणं माझ्याच हातात होतं. एक क्लिक. सरांना मी तोवर कधीच नाही म्हटलं नव्हतं.

"नाही करत, सर."

"काहून?"

"त्या आजच वजन लिहिणार. प्रत्येकीचा अर्धा किलो जाईन. अन् त्या म्हणतीन, काट्यावाल्यानं खाल्ला. भांडण त्याच्याशी होईन, आपलं नावबी नाही निघणार."

मग भूषण म्हणाला, "सर, हे बनवाले सात महिने लागले. अजून एक दिवस जाऊ द्या."

सरांनी स्वतः गटाला फोन करून उद्याचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणी ऐकावी लागली त्यांना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी चेक परत बसला. स्पीड थोडा उतरला, तरी आधीपेक्षा कितीतरी जास्त होता. टेस्ट हिरवी झाली आणि जेआयटी मर्ज झाला. त्या संध्याकाळी कापसाचं गठुडं बांधून होण्याआधी बेरीज आली, असा गटाचा निरोप होता. मर्जच्या नोंदीत भूषणने माझं नाव टाकलं. मी ते घरी कोणाला दाखवलं नाही, पण दोनदा उघडून पाहिलं.

ऑफिसात बसून बनवलेला टेस्टचा डेटा फार गुणी असतो, आपल्याला वाटतं तसाच वागतो. आता आम्ही तो वजन करणाऱ्यांना विचारून बनवतो आणि पूर्ण दिवसाचा चालवतो. त्याला वेळ लागतो. भूषण कुरकुर करतो. करू द्यावी.