माझ्या डोक्यावर सगळ्यांचा हक्क

मी केसांचं स्मूदनिंग केलं, म्हणजे ते औषधांनी सरळ करून घेतले, तेव्हा चौतीस वर्षांची होते. आमच्या तंजावूरच्याच एका कॉलेजात शिकवत होते आणि कुणाची परवानगी घ्यावी असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

माझे केस जन्मापासून दाट कुरळे. लहानपणी शाळेला जाण्याआधी आई ते विंचरायची तेव्हा मी रडायचे आणि ती माझ्यापेक्षा जास्त वैतागायची. अत्या ओरत्तनाडूहून आली की मला समोर उभी करून चार माणसांत म्हणायची, "हे केस आहेत का नारळाची शेंडी?" सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, याचा मला आजही राग येतो.

सलूनमध्ये पाच तास बसले. घरी निघताना तिथल्या मुलीने बजावलं, "अक्का, तीन दिवस पाणी नको, क्लिप नको, केस कानामागेही घ्यायचे नाहीत. नंतर सल्फेट नसलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदाच. आणि बोअरचं पाणी अजिबात नको." हेल्मेटने केस दबतील म्हणून तीन दिवस स्कूटर घरी ठेवली आणि टाऊन बसने गेले. उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवला. आमच्या बोअरचं पाणी असं, की बादलीला पांढरा थर धरतो. म्हणून नळाला गोडं पाणी आलं की एक कुडम, म्हणजे आपली घागर, केसांसाठी बाजूला भरून ठेवायला लागले.

"पिण्याचं पाणी डोक्यावर ओततेस?" आई म्हणाली.

"मी भरते, मी उचलते. तुझ्या स्वयंपाकाला कमी पडलं का कधी?"

ती दिवसभर भांडी आपटत होती. शेजारच्या बाई केसांना हात लावून बघून जायच्या, विचारायच्याही नाहीत. गजरा माळला तर सरळ केसांवरून घसरून पडायचा, त्यावरही टोमणे. मी काही कुणाचं घर मोडलं नव्हतं. केस सरळ केले होते.

मग एका शुक्रवारी अत्या आली. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे बायकांचं तेल लावून न्हाण्याचा वार. मी खाली बसून पेपर तपासत होते. डोक्यावर एकदम कोमट, ओलं काहीतरी पडलं आणि कपाळावरून ओघळून एका विद्यार्थ्याच्या उत्तरावर टपकलं. तिळाचं तेल. अत्या मागे वाटी घेऊन उभी होती आणि दुसऱ्या हाताने टाळू चोळायला लागलीसुद्धा.

मी ताडकन उठले. "अत्ते, मला विचारलंस का?"

"तेल लावायला विचारतात होय? त्या औषधांनी डोकं तापतं. किती सुंदर कुरळे केस होते गं तुझे! नास केलास."

सुंदर! मी कपाळावरचं तेल पुसलं. "कधी होते सुंदर? तीस वर्षांत एकदा तरी म्हणालीस? नारळाची शेंडी कोण म्हणायचं? कुरळे होते तेव्हा हसलात, सरळ केले तर रडताय. माझं डोकं आहे हे!"

अत्या आईकडे वळली. "बघ, कशी बोलते मोठ्यांशी."

आई दारात उभी होती. मला वाटलं, आता मलाच ओरडणार. ती म्हणाली, "खरं तेच बोलते आहे. मीही कमी बोलले नाही तिला. ठेव ती वाटी."

अत्या न जेवता दुपारच्या बसने गेली. मी सलूनच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, एकदा तेल लागल्याने काही बिघडत नाही, खसाखसा घासू नका, त्याच शाम्पूने दोनदा हलक्या हाताने धुवा. तसं केलं. केस पुढे सहा महिने नीट राहिले.

अत्या दोनेक महिने बोलली नाही. मग एके दिवशी फोन आला, तिच्या नातीला स्मूदनिंग करायचंय, ते जास्त दिवस टिकायला घरी काय करतात? माफीचा शब्द नाही, जणू काही घडलंच नव्हतं. मी दात आवळून पाणी, शाम्पू, अभ्रा सगळं सांगितलं.

"आणि तेल?" तिने विचारलं.

"ते लावण्याआधी तिला विचार," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. राग काही गेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.