चौदाव्या क्रमांकाची पुंगळी

थेल्मा क्रायडर यांनी बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस म्हणून काम केले. सदोष माल का निघाला हे कळल्याशिवाय त्या पेटीवर सही करीत नसत. निवृत्तीनंतर हीच शिस्त त्यांनी तळघरातल्या बाकावर आणली. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या नेमबाजी क्लबाच्या संघासाठी त्या काडतुसे हाताने भरीत. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वजनाप्रमाणे निवडायच्या, प्रत्येकीत दारू स्वतंत्र तोलून घालायची आणि वर बारीक क्रमांक लिहायचा.

त्या वसंतात सेक्रेटरी ड्वाइट होलोपीटर यांनी राज्यस्पर्धेसाठी कारखान्याची काडतुसे घ्यावीत, असे सुचविले.

"यंत्राला डुलकी लागत नाही, थेल्माबाई."

"यंत्र चालवणाऱ्याला लागते. त्याच्या शेजारीच जन्म काढलाय मी, सेक्रेटरीसाहेब."

शेवटी परीक्षा ठरली. एकाच रायफलीतून दोन्हींची वीस-वीस काडतुसे झाडायची आणि प्रत्येक गोळीचा वेग उजेडावर चालणाऱ्या मापकावर टिपायचा. सर्वांत जलद व सर्वांत मंद गोळी यांतला फरक ज्यांचा कमी, ती काडतुसे संघाची.

कारखान्याचा फरक सेकंदाला अठ्ठावन्न फूट निघाला. थेल्माबाईंच्या एकोणीस गोळ्यांतला फरक सतरा फुटांच्या आत होता. चौदावीचा वेग मात्र एकटाच वर गेला आणि फरक एकसष्टावर पोचला.

ड्वाइट मनाने सरळ माणूस. तो म्हणाला, "मापकावर ढगाची सावली आली असेल. ती एक सोडून देऊ."

"कारखान्याची एखादी सोडलीत?"

"नाही."

"मग लिहा एकसष्ट."

त्यांनी चौदावी पुंगळी काट्यावर ठेवली. ती इतरांहून सात ग्रेन, म्हणजे जवळजवळ अर्धा ग्रॅम, जड भरली. "जुन्या खेपेची आहे. भिंत जाड, आत जागा कमी, म्हणून दाब वाढला. मंगळवारी ट्रे पुसताना एक खाली पडली; उचलताना तिच्याऐवजी ही हाती आली असणार, आणि पुन्हा तोलली नाही मी. चूक माझी." मग त्यांनी मान वर केली. "तुमचे अठ्ठावन्न कशामुळे?"

ड्वाइटने कारखान्याच्या काडतुसांचा खोका उलटसुलट करून पाहिला. त्यावर खेपेचा आकडा होता, बाकी काही नाही.

"खोका काही बोलत नाही, बाई."

सारखेपणा म्हणजे चूक न होणे, अशी तोवर आमची समजूत होती. झालेल्या चुकीला जबाब देणारे माणूस असणे, हाही त्याचाच भाग आहे, हे त्या सकाळी आम्हाला उमगले. ड्वाइटने मापकाच्या कागदाची घडी घातली. "चौदावी वगळून तुमचीच घेऊ."

"वगळून नको. नियमाने मी हरले आहे. संघाला हवं असेल, तर शनिवारी दोन्हींची पुन्हा वीस-वीस झाडा."

सगळ्यांनी हात वर केले. पहिला ड्वाइटचा होता.

शनिवारी कारखान्याचा फरक चोपन्न आला. थेल्माबाईंचा सोळा. त्यांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारले, "सेक्रेटरीसाहेब, आज ढग होते का हो?"