उघडे चाक

कॅलिफोर्नियातल्या टुलेरी परगण्यात कापूस वेचण्याचे यंत्र बिघडले की ते ऑर्व्हल स्टॉलकपच्या अंगणात येई, आणि तेथून परत जाताना त्यात एक खिळाही उणा नसे. एखादे गिऱ्हाईक उतावीळ होऊन म्हणे, "अहो, ते झाकण नसलं तरी चालेल मला." ऑर्व्हल मान वर न करता उत्तर देई, "तुला चालेल. मला नाही चालत." मग झाकण बसेपर्यंत गिऱ्हाईक निमूटपणे तुतीच्या झाडाखाली बसून राही.

या काटेकोरपणाचे मूळ नेटीला, म्हणजे त्याच्या पत्नीला, तेवढे ठाऊक होते. दुष्काळाच्या आणि धुळीच्या वादळांच्या वर्षांत ऑर्व्हलचे कुटुंब ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियात आले, ते एका खटारा ट्रकवर गाद्या लादून. त्या ट्रकला एका बाजूचे दार नव्हते. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक त्या नसलेल्या दाराकडे बोट दाखवून हसत, आणि गादीवर बसलेला लहानगा ऑर्व्हल तोंड फिरवून घेई. ज्याच्या मनात अपूर्णतेची लाज इतक्या कोवळ्या वयात रुजली, त्याला वस्तूचे पूर्णत्व हे अब्रूचेच दुसरे नाव वाटावे, यात नवल ते काय?

अशा माणसाच्या पोटी गेलॉन जन्माला आला होता. अपघातात मोडलेली एक ब्रिटिश मोटरसायकल त्याने भंगारातून उचलली आणि दोन हिवाळे शेडमध्ये तिच्यापाशी काढले. तिचे पुढचे चाक धरणारे दांडे लांबवले, बैठक खाली आणली, टाकीला गर्द हिरवा रंग दिला. पुढचे मडगार्ड मात्र काढून त्याने फळीवर ठेवून दिले. ऑर्व्हल रोज संध्याकाळी शेडच्या दारात क्षणभर उभा राही आणि ते मडगार्ड कधी चढते याची वाट पाही. तशा उघड्या चाकांच्या गाड्या हाकणारी पोरे त्याने हमरस्त्यावर पाहिली होती. 'बिचारे! एवढा पत्रा घेण्याची ऐपत नाही,' असे त्याला प्रामाणिकपणे वाटे.

आरमारात भरती होऊन गेलॉन निघाला, त्या सकाळी बापलेकांत ठिणगी पडली.

"जायच्या आधी ती गाडी पुरी करून जा."

"पुरी आहे ती, बाबा."

"पुढचं चाक नागडं, आणि म्हणे पुरी! एक काम कधी शेवटाला नेलं नाहीस तू."

गेलॉनने पिशवी खांद्यावर टाकली. "तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही," एवढेच बोलून तो फाटकाबाहेर पडला. नंतर पत्रे येत ती आईच्या नावाने. त्यांत बापाची विचारपूस नसे असे नाही. पण ती परक्याने करावी तशी असे.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत गेलॉन घरी येणार असल्याचे कळले. त्या दिवशी ऑर्व्हल जेवणावरून मध्येच उठला आणि शेडमध्ये गेला. क्षमेचे शब्द त्याच्या जिभेला कधी वळले नव्हते. जे मनात येई ते हातांतून उतरे. त्याने ताडपत्री काढली, फळीवरचे मडगार्ड खाली घेतले आणि कंदील धरायला नेटीला हाक मारली.

"बघ, हे बोल्टने जिथे आवळायचं ते कानच नाहीत दांड्यांवर," तो पुटपुटला. "त्या अपघातात तुटले असणार. पोरगं इथेच अडलं असेल, आणि मला विचारायची सोय नव्हती त्याला."

"तू ठेवली होतीस का सोय?" नेटी म्हणाली.

ऑर्व्हलने पोलादाचे चार कान कापले, घासले, आणि दांड्यांवर इतक्या निगुतीने वेल्ड केले की सांधा बोटाला लागू नये. हिरवा रंग टाकीशी जुळेना, तेव्हा तो तीनदा खरवडून पुन्हा लावला. नेटीने कधी या हातात, कधी त्या हातात कंदील धरला. आपला नवरा मुलाशी बोलतो आहे हे तिला कळत होते.

गेलॉन आला. त्याच्या स्वागताला शेजारचा चुय आर्रेदोंदो आपल्या मोटरसायकलवरून आला; डोंगरपायथ्याच्या तलावाकाठी खोऱ्यातल्या मोटरसायकलवाल्यांचा वार्षिक मेळा त्याच दिवशी होता. सर्वांसमक्ष ऑर्व्हलने ताडपत्री दूर केली.

चुयचे तोंड उघडले. "अरे देवा, हे कुणी—"

गेलॉनने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथेच संपले. मग तो गाडीभोवती सावकाश फिरला. वाकून त्याने दांड्यावरून अंगठा फिरवला. कानापाशी अंगठा थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"बाबा," तो अखेर म्हणाला, "सांधा दिसतसुद्धा नाही."

"दिसू नये म्हणूनच करतात," ऑर्व्हल म्हणाला आणि ताडपत्रीची घडी घालू लागला.

मोटरसायकली पुढे गेल्या. मागून आपल्या पिकअपमध्ये ऑर्व्हल आणि नेटी निघाली. नेटीच्या मांडीवर पीचची फळे भरून भाजलेली गोड पाई आणि मक्याचा पाव होता. रात्रीच्या धुक्याने रस्ता ओला होता, दुतर्फा बदामाच्या बागा फुलून पांढऱ्या झाल्या होत्या. चुयच्या उघड्या चाकावरून चिखलपाणी उसळून त्याच्या छातीवर, तोंडावर येत होते; गेलॉन मात्र कोरडा ठणठणीत. "बघ," ऑर्व्हल समाधानाने म्हणाला, "काय फरक पडतो एका पत्र्याने!"

तलावाकाठी पिकअप उभी करून तो उतरला, तोच हसण्याचा गलका त्याच्या कानी आला.

"काय रे गेलॉन, आरमाराने गाडीलाही गणवेश चढवला वाटतं?"

"चर्चला निघालायस का? छत्री कुठंय तुझी?"

"आजीला बाजारात न्यायची असेल. हसू नका रे!"

"जळा लेको, जळा," गेलॉन हसत म्हणत होता. "माझा शर्ट बघा आणि तुमचे बघा."

ऑर्व्हल जागीच थिजला. लोक बोट दाखवून हसत होते, आणि या वेळी ते काहीतरी नसल्याबद्दल हसत नव्हते.

पाण्याच्या कडेने मोटरसायकलींची लांबलचक ओळ लागली होती. तो एकेका गाडीपाशी वाकून दांड्यांवरून अंगठा फिरवू लागला. एकाही गाडीला पुढचे मडगार्ड नव्हते. आणि एकाही दांड्यावर कान तुटल्याची खूण नव्हती. कान मुद्दाम कापून, ती जागा कानशीने घासून, पुढे बारीक पॉलिशकागदाने चोळून आरशासारखी केली होती. एकाच गाडीचे कान ओबडधोबड कापलेले निघाले. तिचा मालक, चांगला दाढीवाला बाप्या, ओशाळून म्हणाला, "तिथं नका बघू, काका. घासायचं राहिलंय अजून."

घासायचे राहिले आहे! ऑर्व्हलला आपल्या शेडमधले ते दांडे आठवले. त्यांवर खूण म्हणून कुठे सापडली नव्हती. एवढा नितळपणा हातात यायला किती संध्याकाळी लागतात, हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार? शिल्पी दगडातून नको ते काढतो तेव्हा मूर्ती उरते. मुलाने तेच केले होते, आणि बापाने त्या मूर्तीवर पुन्हा दगड चढवला होता.

चुय मागे येऊन उभा राहिला. "स्टॉलकपकाका, मी सांगणारच होतो. पण गेलॉन म्हणाला, एक शब्द काढलास तर तलावात बुडवीन."

ऑर्व्हल पिकअपकडे गेला आणि पाना घेऊन आला. गेलॉनने ते पाहिले मात्र, त्याचे हसू मावळले.

"राहू द्या, बाबा."

"बोलला का नाहीस?"

"दोन हिवाळे तुम्ही दारात उभे राहायचात. आत कधी आला नाहीत." गेलॉन खाली पाहत होता. "आता आलात. त्यावर काय बोलू?"

ऑर्व्हलने बोल्ट सैल करायला सुरुवात केली. गेलॉनने गुडघा टेकून पलीकडचे टोक धरले. मडगार्ड सुटले तेव्हा दोघांनी मिळून ते नेटीच्या हाती दिले, तान्हे मूल द्यावे तसे.

"चालवून बघता?" गेलॉनने विचारले.

तरुणपणी ऑर्व्हलने कापसाच्या कारखान्याचे निरोप मोटरसायकलवरून पोचवले होते. तो बसला, एक लाथ हाणून यंत्र जागे केले आणि तलावाकाठच्या ओल्या वाटेने निघाला. समोर चाक उघडे होते. सारे आयुष्य झाकणांखाली फिरणारी चाके दुरुस्त करण्यात गेलेल्या त्या माणसाने प्रथमच एक चाक बसल्या जागेवरून फिरताना पाहिले: टायरची नक्षी जमिनीतून उगवल्यासारखी वर येते, क्षणभर त्याच्याकडे पाहते आणि पुढे झुकून रस्त्यात विरते. तेवढ्यात डबके आले. थंडगार चिखल हनुवटीपासून कपाळापर्यंत चढला. काठावरून मोठा जल्लोष झाला. ऑर्व्हलने वेग कमी केला नाही.

परतल्यावर नेटीने त्याचा चष्मा काढून आपल्या रुमालाने पुसला आणि त्याच्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावरचे हसू पाहून, चेहरा न पुसताच रुमाल खाली घेतला.

"उद्या सकाळी शेडमध्ये ये," ऑर्व्हल गेलॉनला म्हणाला. "चारही कान कापू. घासायचं कसं ते तू सांग. मी केलं तर चरे पडतील."

"तीन कापू."

"म्हणजे?"

"डावीकडचा आतला राहू दे. बसणाऱ्याच्या बाजूचा. तो कुणाला दिसत नाही."

"मला दिसेल ना! एकीकडे आहे, एकीकडे नाही, हे काय काम झालं?"

"गाडी माझी आहे, बाबा."

ऑर्व्हलने त्या दांड्याकडे पाहिले, मग मुलाकडे. खाली बसून तो बाहीच्या टोकाने त्या एका कानावरचा चिखल पुसू लागला.

"मग याला गंज लागू देऊ नकोस," तो म्हणाला.